राउटर टेबलवर कड जळते, फाटते, लहरते: बिट बदलण्याआधी

राउटर म्हणजे लाकडाला खाचा आणि कडेला आकार पाडणारं, वेगाने फिरणारं मशीन. सागाची पट्टी त्याच्या टेबलवरून काढली की ती खिडकीशी न्यावी आणि उजेड कडेवर तिरका पडेल अशी धरावी. समोरून गुळगुळीत दिसणारी कड तिरक्या उजेडात सगळं कबूल करते. एखाद्या जागी तपकिरी-काळा चटका, टोकाला सळ उडून पडलेला खड्डा, मधेच नखाला लागतील अशा बारीक लाटा. साइटवर यावर एकच निदान ठरलेलं असतं: "साहेब, बिट (मशीनमध्ये बसवायचं पातं) गेलंय, नवीन आणा." मग पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीला एक चक्कर, नवीन बिट, चार दिवस बरं काम आणि पुन्हा तीच कड.

बिट बोथट असतंही कधीकधी. पण चटका, फाट आणि लाट ही तीन वेगळी दुखणी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर दुसरं बळावतं. चटका घालवायला लाकूड भराभर ढकललं की फाट वाढते. फाट टाळायला जपून सरकवलं की चटका हजर. म्हणून पातं लाकडात नेमकं काय करतं ते आधी पाहू.

राउटर टेबल म्हणजे हातात धरायचा राउटर टेबलाखाली उलटा टांगलेला. बिट टेबलातून वर डोकावतं, त्याच्या पाठीशी फेन्स, म्हणजे आधाराची सरळ उभी पट्टी, असते आणि आपण लाकूड फेन्सला टेकवून उजवीकडून डावीकडे सरकवतो. मशीन स्थिर, लाकूड चालतं. बारीक पट्ट्या, दाराची पॅनल, ड्रॉवरच्या खाचा अशा हातातल्या राउटरने अवघड जाणाऱ्या कामांना ही मांडणी सोयीची.

एका घावाला किती लाकूड

राउटर मिनिटाला 20,000 फेरे फिरतोय आणि बिटाला दोन पाती आहेत असं धरा. म्हणजे मिनिटाला 40,000 घाव. लाकूड मिनिटाला 3 मीटर या गतीने सरकवलं तर प्रत्येक घावाच्या वाट्याला 0.075 मिलिमीटर लाकूड येतं, साधारण डोक्याच्या केसाच्या जाडीएवढं. ही गती वाटते तितकी जास्त नाही. सेकंदाला 5 सेंटिमीटर. तीन फुटी पट्टी 18 सेकंदांत पार होते.

नवीन माणूस बिटाच्या आवाजाला बिचकतो आणि तीच पट्टी मिनिटभर रेंगाळत सरकवतो. आता घावाला जेमतेम 0.02 मिलिमीटर मिळतं. धार कितीही चांगली असली तरी ती अगदी शून्य जाडीची नसते. इतक्या पातळ थरात ती शिरत नाही, वरून घासत जाते. घासलं की तापतं, तापलं की लाकूड करपतं आणि बिटाची धारही उतरते. सुताराला वाटतं आपण जपून काम करतोय. प्रत्यक्षात तो बिट जाळत असतो.

हे ओळखायला कुठलंही उपकरण लागत नाही. टेबलावर पडलेला चुरा चिमटीत घ्या. सागाच्या किंवा पाइनच्या बारीक ढलप्या, कण वेगवेगळे जाणवतील असा भुसा, असं असेल तर पातं कापतंय. पिठासारखी पूड हाताला लागली आणि तिला करपट वास असला, तर पातं घासतंय. मग एक तर गती वाढवा, नाहीतर फेरे कमी करा, आणि दोन्ही करून फरक पडला नाही तर मगच धारेवर संशय घ्या. एमडीएफला ही परीक्षा लागू नाही. तो मुळात तंतूंच्या चुऱ्याचाच बनलेला, त्याची पूडच निघणार.

चटका कुठे पडलाय तेही बघा. पूर्ण लांबीवर असेल तर गती किंवा धार. एकाच जागी बोटभर रुंदीचा असेल तर बहुधा तिथे हात बदलला गेला आणि लाकूड क्षणभर थांबलं. बिट थांबत नाही, ते तेवढ्यातही शेकडो वेळा त्याच जागेवरून जातं. लांब पट्टी घेण्याआधी मशीन बंद ठेवून एकदा कोरडी फेरी मारा: उजवा हात कुठवर येणार, डावा कुठे उचलणार, पुढे आधार कशाचा. लांब पट्टीला डावीकडे टेबलाच्या उंचीचं स्टूल नसेल तर शेवटी ती झुकते आणि माणूस ती सावरायला थांबतो. चटका तिथलाच.

आता फेऱ्यांबद्दल. लहान बिटाला पूर्ण वेग, मोठ्याला कमी, एवढं बहुतेकांना माहीत असतं. का ते कळलं की विसरायला होत नाही. कापण्याचं काम बिटाच्या कडेवर होतं आणि व्यास वाढला की कडेचा वेग त्याच पटीत वाढतो. 12 मिलिमीटरच्या सरळ बिटाची कड 22,000 फेऱ्यांना सेकंदाला सुमारे 14 मीटर वेगाने जाते. दाराच्या पॅनलचं 75 मिलिमीटरचं बिट त्याच फेऱ्यांवर लावलं तर कड सेकंदाला 86 मीटर, म्हणजे ताशी 300 किलोमीटरच्या वर पळते. जळण्याचा प्रश्न नंतरचा, ते मुळात धोक्याचं आहे. साधारण हिशेब असा: 25 मिलिमीटरपर्यंत 22,000 च्या आसपास, 50 पर्यंत 16 ते 18 हजार, त्यापुढच्या मोठ्या बिटांना 10 ते 12 हजार. बिटाच्या दांडीवर किंवा पाकिटावर कमाल फेरे छापलेले असतील तर तो आकडा शेवटचा. तुमचा राउटर एकाच वेगाचा असेल तर मोठ्या बिटांचा मोह सोडा. आणि ज्या राउटरमध्ये वेगाचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आधीच आहे, त्याच्या वायरवर बाहेरून आणखी रेग्युलेटर लावू नका. दोघांचं पटत नाही.

खोली हाही याच हिशेबाचा भाग. 12 मिलिमीटर खोल खाच एका दमात काढली की बिट वाकतं, मोटर दबते, ढलप्यांना बाहेर पडायला वाट राहत नाही आणि त्याच ढलप्या पुन्हापुन्हा दळल्या जातात. एका पासला, म्हणजे लाकूड बिटावरून एकदा सरकवताना, 3-4 मिलिमीटर पुरे. शेवटच्या पासला फक्त अर्धा मिलिमीटर ठेवा. तोवरच्या सगळ्या बारीकसारीक चुका तो पुसून नेतो आणि इतकं कमी लाकूड काढताना फाटायला फारसं निमित्तच उरत नाही. घाईच्या कामात लोक नेमका हाच पास गाळतात आणि मग वाचवलेल्या मिनिटाच्या दसपट वेळ सँडपेपर घासत बसतात.

रेषेच्या पाठीशी कोण उभं आहे

फाट समजायला पात्याची दिशा डोळ्यांपुढे आणा. उलट्या टांगलेल्या राउटरचं बिट वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. फेन्ससमोर, आपल्या बाजूला, त्याची पाती डावीकडून उजवीकडे जातात. लाकूड उजवीकडून डावीकडे. दोघं एकमेकांना भिडतात, म्हणून लाकूड आपल्या ताब्यात राहतं आणि बिट त्याला फेन्सकडे दाबून धरतं.

या पद्धतीत पातं लाकडाच्या आतून, तयार होणाऱ्या पृष्ठापासून घाव सुरू करतं आणि न कापलेल्या कडेतून बाहेर पडतं. बाहेर पडताना लाकडाची रेषा, म्हणजे त्याचे तंतू, उचकटते. रेषा जर कडेकडे संपत असतील तर चीर बाहेरच्या बाहेर निघून जाते. रेषा आत शिरत असतील तर चीर पात्याच्या पुढे धावत आत घुसते आणि आपल्याला हव्या असलेल्या लाकडाचाच तुकडा घेऊन जाते. रंधा मारणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, त्याचा हात उलटी रेघ लगेच ओळखतो. टेबलवर मशीनच्या आवाजात हाताला ते कळत नाही, म्हणून डोळ्यांनी बघायचं: फळीच्या वरच्या तोंडावरच्या रेघा डावीकडून उजवीकडे जाताना फेन्सकडे सरकत असाव्यात. उलट असतील आणि प्रोफाइलला (कडेला पाडायच्या आकाराला) चालत असेल, तर फळी पालटून दुसरं तोंड खाली घ्या.

उलट्या दिशेने, म्हणजे डावीकडून उजवीकडे सरकवलं तर काप खरंच स्वच्छ येतो, कारण पातं बाहेरून आत शिरतं आणि रेषेला मागे लाकडाचा आधार असतो. हे ऐकून कोणी तरी ते करून बघतं. पण तेव्हा पात्याची आणि लाकडाची दिशा एकच असते, बिट लाकूड हिसकावून भिरकावतं आणि त्यामागोमाग आपला हात बिटाकडे जातो. हातातल्या जड राउटरवर अर्ध्या मिलिमीटरचा असा पास काही जाणकार घेतात. टेबलवर हाताने सरकवताना मी तो कोणालाही सुचवणार नाही.

हाच धोका एका ठिकाणी चोरपावलांनी येतो, खाच रुंद करताना. समजा 6 मिलिमीटरच्या बिटाने खाच काढली आणि ती 9 करायची आहे. फेन्स पुढे, आपल्याकडे आणली तर बिट खाचेची फेन्सकडची भिंत कापेल. तिथे पाती आणि लाकूड एकाच दिशेने चालतात आणि पट्टी हातातून सुटते. फेन्स मागे, आपल्यापासून दूर सरकवा. मग बिट आपल्या बाजूची भिंत कापेल आणि सगळं नेहमीसारखं चालेल. म्हणून पहिली खाच नेहमी फेन्सला जवळच्या रेघेवर काढायची. आणि लाकूड फेन्स आणि बिट यांच्या फटीतून कधीही घालायचं नाही, मग पट्टी कितीही बारीक असो.

आधार म्हणजे फक्त रेषांची दिशा नव्हे. फेन्सच्या दोन भागांमधली फट बघा. बाजारातल्या तयार फेन्सला ती बऱ्याचदा 60-70 मिलिमीटर उघडी असते, कारण मोठं बिटही मावायला हवं. लहान बिट लावून फट तशीच ठेवली की बिटाच्या दोन्ही बाजूंना लाकडामागे नुसती हवा. रेषेला पाठीमागून धरायला कोणी नाही, ती तुटणारच. दोन्ही भाग बिटाजवळ सरकवा. आणखी चांगलं म्हणजे फेन्सवर 12 मिलिमीटर एमडीएफची एक सलग पट्टी लावा, फेन्सचं एक टोक घट्ट आवळा, दुसरं जरा सैल ठेवा आणि बिट चालू करून ते टोक हळूहळू आत ढकला. बिट आपल्या आकाराचं तोंड स्वतःच पाडून घेईल. आता पातं बाहेर पडतं तिथे बरोबर काठाला एमडीएफ टेकलेला असतो. पट्टी महिनाभरात झिजते; तेवढ्यासाठी प्लायच्या दुकानातले एमडीएफचे कट-पीस सांभाळून ठेवावेत.

टेबलातल्या भोकालाही हेच लागू. बिटापेक्षा फार मोठं भोक असेल तर खालच्या बाजूला सळ उडते आणि पट्टीचं पुढचं टोक त्यात अडखळतं. भोक लहान करणाऱ्या गोल रिंगा मिळतात त्या वापरा.

फळीची आडवी टोकं हा वेगळाच त्रास. तिथे बिट रेषांच्या टोकांवर चालतं आणि शेवटच्या रेषांना मागे काहीच नसल्याने कोपरा उडतो. चारही बाजूंना प्रोफाइल मारायचं असेल तर आधी आडवी टोकं घ्या, नंतर लांब बाजू. कोपरा उडाला तरी लांब बाजूचा पास तो खाऊन टाकतो. फक्त टोकच करायचं असेल तर मागे त्याच जाडीचा रद्दी ठोकळा धरून दोन्ही एकत्र सरकवा. उडायचं ते ठोकळ्याचं उडेल.

प्लायच्या वरच्या विनिअरला आधार जवळजवळ नसतोच, तो कागदासारखा पातळ. आडव्या रेषांवर खाच काढायची असेल तर गुण्या लावून कटरने दोन्ही कडांवर आधीच रेघ मारून घ्या, म्हणजे रेषा तिथेच तुटतील. पहिला पास 1 मिलिमीटरचा. मास्किंग टेपने थोडा फरक पडतो, चमत्कार नाही. स्पायरल, म्हणजे पिळदार पात्यांच्या, बिटांतही इथे निवड करावी लागते. अपकट स्पायरल ढलप्या दांडीकडे, म्हणजे टेबलवर खालच्या दिशेला ओढतं. खाच मोकळी राहते, लाकूड टेबलाला चिकटून चालतं, पण खाचेचं तोंड टेबलाच्याच बाजूला असल्याने तिथली रेषा उचलली जाते. डाउनकट उलट वागतं: तोंड स्वच्छ, पण ढलप्या खाचेत कोंबल्या जातात आणि लाकूड टेबलावरून वर उचललं जातं. म्हणून डाउनकट लावलं तर वरून फेदरबोर्ड (लाकूड दाबून धरणारी दातांची फळी) हवाच आणि पास आणखी उथळ.

लाटा: इथे गणित उपयोगी पडतं

दर फेरीला बिट आपली एक खूण सोडतं. दोन पाती असली तरी क्वचितच दोन्ही अगदी सारखी बाहेर असतात, त्यामुळे शेवटचा हात प्रत्यक्षात एकाच पात्याचा फिरतो. 20,000 फेरे आणि मिनिटाला 3 मीटर गती असेल तर अशा दोन खुणांमधलं अंतर 0.15 मिलिमीटर. ते डोळ्यांना सहजी दिसत नाही. तुमच्या कडेवर 2-2 मिलिमीटरवर लाटा दिसतायत? त्या पात्याच्या खुणा असायला लाकूड मिनिटाला 40 मीटर वेगाने गेलं पाहिजे. इतकं कोणी ढकलत नाही. म्हणजे लाट पात्याची नव्हे, कुठे तरी काहीतरी थरथरतंय. गती कमी-जास्त करून अशी लाट जात नाही, आणि लोक नेमकं तेच करत बसतात.

पहिला संशयित कॉलेट, म्हणजे बिटाची दांडी आवळून धरणारी चिरा असलेली नळी. बिट काढलं की कॉलेटच्या चिरांमध्ये बारीक पूड बसलेली दिसते. तेवढ्याने बिट किंचित तिरकं धरलं जातं आणि फिरताना डुलतं. जुन्या टूथब्रशने कॉलेट आतून-बाहेरून साफ करा, त्याचं घर पुसा. बिट तळाला टेकेपर्यंत आत घाला आणि मग 2-3 मिलिमीटर वर उचलून आवळा. तळाला टेकलेलं बिट आवळताना नीट बसत नाही. आणि जास्त उंची मिळावी म्हणून बिटाची दांडी अर्ध्याहून अधिक बाहेर ठेवायचा प्रकार तर नकोच: जितकं बाहेर तितकं वाकणं जास्त.

दुसरा संशयित आपल्या बाजारात विशेष भेटतो. इथे मिलिमीटर आणि इंच अशा दोन्ही मापांची बिटं एकाच ड्रॉवरमधून निघतात. 6 मिलिमीटर आणि पाव इंच म्हणजे 6.35, 12 मिलिमीटर आणि अर्धा इंच म्हणजे 12.7. डोळ्यांना फरक कळत नाही, पाना फिरवला की आवळल्यासारखंही वाटतं. पण पाव इंची कॉलेटमध्ये 6 ची दांडी नीट धरली जात नाही. कामाच्या ओढीने ती हळूहळू वर सरकते. लक्षण ठरलेलं: खाच सुरुवातीला 8 मिलिमीटर, शेवटी 9. असं झालं की ताबडतोब मशीन बंद करा, कारण पुढची पायरी बिट बाहेर येण्याची आहे. दांडीला टेप गुंडाळून माप जुळवू नका. दुकानातच वर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावून दांडी मोजा. दुकानदार हसला तर हसू दे.

मग टेबल. 18 मिलिमीटरच्या एका प्लायवर जड राउटर टांगला की वर्षभरात मधोमध पोट येतं, आणि पोट आलेल्या टेबलवर लाकूड डुलत जातं. एक स्टीलची लांब पट्टी उभी धरून खालून उजेड येतो का बघा. दोन थर चिकटवलेला टेबलटॉप आणि राउटर टांगायला हायलमची (कडक, दाबून बनवलेल्या शीटची) किंवा ॲल्युमिनियमची प्लेट हे पुरेसं मजबूत होतं. ॲक्रिलिक दिसायला छान, पण वजनाने वाकतं. प्लेट टेबलाशी अगदी सपाट हवी. बोट फिरवून पायरी लागली तर लाकूड तिथे अडणार आणि अडलं की चटका.

शेवटचा संशयित आपला हात. प्रत्येक ढकलीला दाब कमी-जास्त होतो आणि तेवढं लाकूड फेन्सपासून सुटतं. यावर फेदरबोर्ड हा उपाय आहे: तिरक्या दातांची फळी, जी लाकूड सतत फेन्सला दाबते आणि मागे येऊ देत नाही. विकत घ्यायची गरज नाही, सरळ रेषेच्या फळीचं टोक तिरकं कापून करवतीने बारीक चिरा मारल्या की झाली. लक्षात ठेवायचं एवढंच की लाकडाने बोर्डाचे दात नुसते वाकायला हवेत, लाकूड जाम व्हायला नको.

कडेचा पूर्ण थर निघतो तेव्हा

दोन फळ्या चिकटवायच्या आधी कडा सरळ करायच्या असतात, किंवा संपूर्ण कड गोल करायची असते. इथे बिट कडेचा जुना थर पूर्ण काढून टाकतं आणि डाव्या फेन्सला टेकायला काही उरत नाही. पट्टी शेवटी उजव्या फेन्सवरून सुटली की आत झुकते आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत खड्डा पडतो. हा खड्डा पाहून लोक पुन्हा बिटालाच दोष देतात.

उपाय सुताराच्या पिशवीतच असतो. 1 मिलिमीटर सनमायकाचा तुकडा डाव्या फेन्सच्या तोंडावर चिकटवा. प्लग काढून, त्या सनमायकावर स्टीलची पट्टी आडवी धरा आणि बिट हाताने फिरवा. पातं पट्टीला जेमतेम शिवून जावं, तिला हलवू नये. आता उजवा भाग 1 मिलिमीटर मागे आहे, बिट बरोबर 1 मिलिमीटर काढतं आणि कापलेली कड सनमायकावर अलगद टेकते. पट्टीचं पुढचं टोक सनमायकाच्या काठाला अडलं तर बिट कमी बाहेर आहे. शेवटी खड्डा पडला तर जास्त. जॉइंटर (कडा सरळ करणारं मशीन) घेण्याची ऐपत किंवा जागा नसलेल्या फ्लॅटमधल्या माणसाला हा टेबलचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

फेन्स हलवण्याबद्दल एक गंमत सांगतो. टेबल सॉची (टेबलात बसवलेल्या गोल करवतीची) फेन्स पात्याशी समांतर लागते, पण राउटरचं बिट गोल आहे, त्याला समांतर काही नसतं. त्यामुळे फेन्स तिरकी असली तरी चालते (टेबलाच्या खाचेत सरकणारा कोनाचा आधार, म्हणजे मायटर गेज, वापरत नसाल तोवर). एक टोक आवळून दुसरं 1 मिलिमीटर सरकवलं आणि बिट बरोबर मध्यावर असलं, तर बिटापाशी फरक अर्ध्या मिलिमीटरचा पडतो. बारीक जुळणी करायला महागडा स्क्रू नको, हे पुरतं.

लाकूड कोणतं, धार कशाची

पुण्यात सागवान घ्यायचं म्हणजे भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. सागात सिलिका असते, ती धार खाते. साध्या हायस्पीड स्टीलचं बिट त्यात फार टिकत नाही, कार्बाइडच घ्यावं. शिवाय साग तेलकट. त्याचा चिकटा पात्यावर तपकिरी थर करून बसतो आणि बिट बोथट झाल्यासारखं वागतं. नवीन आणण्याआधी बिटावर बेअरिंग (लाकडाला टेकून फिरणारं चाक) असेल तर ते काढून बिट धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, ब्रशने घासा, पुसून तेलाचं बोट फिरवा. निम्मी "गेलेली" बिटं इथेच परत येतात. बेअरिंग कुठल्याच द्रावणात बुडवू नका, आतलं ग्रीस निघून जातं आणि मग ते बिटाबरोबरच गरागरा फिरून कड जाळतं. बोटाने फिरवून पाहिलं की लगेच कळतं.

धार खरंच उतरली असेल तर बारीक डायमंड फाइल पात्याच्या सपाट तोंडावर फिरवा, दोन्ही पात्यांना सारखे हात. बाहेरच्या तिरक्या बाजूला हात लावू नका. व्यास कमी झाला की बेअरिंगशी माप जुळत नाही. भोसरीकडे टूल ग्राइंडिंगवाले कार्बाइडला नवी धार लावून देतात, पण साध्या स्वस्त बिटासाठी तो खर्च परवडत नाही.

पाडलेल्या वाड्यांमधलं जुनं सागवान ही पुण्याची चैन आहे. मुरलेलं, सरळ रेषेचं, राउटरखाली साबणासारखं न फाटता निघणारं. फक्त त्यात तुटलेले खिळे असतात, डोकं नसलेले, पृष्ठाच्या खाली. सागात लोखंड राहिलं की भोवती काळसर डाग पडतो. तो दिसला की थांबा आणि जोरदार लोहचुंबक फिरवा. कार्बाइड कठीण असतं तसंच ठिसूळही, एका खिळ्याने पात्याचा कोपरा उडतो आणि त्यानंतरच्या प्रत्येक पट्टीवर एक बारीक उंचवट्याची रेघ उमटत राहते. कडेवर अगदी सरळ, एकाच उंचीवर धावणारी रेघ दिसली तर बिटाला तडा शोधा.

पावसाळ्यात उघड्या शेडमधून आणलेलं लाकूड लगेच टेबलवर घेऊ नका. ओलसर लाकडाच्या रेषा तुटण्याऐवजी वाकतात आणि कडेवर लव राहते; आंब्याच्या लाकडात हे फार. घरात पट्ट्या मधे घालून, हवा खेळेल असं दोन-तीन आठवडे रचून ठेवलं की फरक पडतो.

विजेचंही सांगायला हवं. 1600 वॅटचा राउटर 230 व्होल्टला सुमारे 7 ॲम्पिअर घेतो, म्हणजे 6 ॲम्पिअरचा साधा प्लग त्याचा नव्हे. लांब, पातळ वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर व्होल्टेज उतरतं, ऐन कापात फेरे उतरतात आणि काप खडबडीत येतो. आणि पुण्यात गुरुवार हा महावितरणच्या दुरुस्तीचा वार. काम चालू असताना लाइट गेली, राउटरचं बटण चालूच राहिलं आणि तासाभराने लाइट आली तर रिकाम्या खोलीत बिट आपोआप फिरू लागतं. टेबलला नो-व्होल्ट स्विच बसवा. वीज परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही.

नाकाला एन-95 आणि कानाला मफ लावा; लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवलेली आहे. हातमोजे मात्र घालू नका, बिट ते ओढून घेतं. अरुंद पट्टी हवी असेल तर प्रोफाइल रुंद फळीला मारा आणि मग पट्टी कापून काढा. बोटं लांब राहतात आणि रुंद फळी थरथरतही नाही, त्यामुळे काप चांगला येतो.

खरी पट्टी घालण्याआधी त्याच लाकडाचा, त्याच जाडीचा फूटभर तुकडा चालवून तिरक्या उजेडात बघा. मनासारखा आला की त्याच्या पाठीवर पेन्सिलीने बिट, फेरे, किती पास आणि शेवटच्या पासची जाडी लिहा आणि तुकडा टेबलाखाली ठेवून द्या. पुढच्या वेळी बिटाची उंची मोजत बसायचं नाही. तुकडा बिटाशी धरायचा आणि पातं त्याच्या आकारात बसेपर्यंत बिट वर-खाली करायचं.